मास्तरांनी पास केलेला टेक

१

सोमवारी सकाळी रेकॉर्डिस्टने स्टुडिओचं कुलूप काढलं आणि तो दारातच थबकला. आतून बारीक, चिरका आवाज येत होता. टेपच्या खोलीचं दार नीट लागलं नाही की चौकटीवरची डबी शिट्टी घालते, तीच ही शिट्टी. ती त्यानेच बसवून घेतली होती. वादक मंडळी टेप ऐकायला म्हणून आत जायची आणि दार सताड उघडं टाकून बाहेर यायची. मग खोली तापायची आणि टेपांची वाट लागायची. एरवी ती शिट्टी अशी कडक, की माणूस हातातला चहा बाजूला ठेवून आधी दार लावायला धावेल. आज तिचा घसा बसला होता. डबीतले सेल संपत आले होते.

म्हणजे काल सुट्टीच्या दिवशी ही कधीपासून वाजतेय कोण जाणे, असं म्हणत तो खोलीत शिरला.

कुठे फोडाफोडी नव्हती. कपाट चावीने उघडून चावीनेच बंद केलेलं. आत टेपांचे खोके रांगेत उभे होते, शेवटच्या रिळाचा खोकाही आपल्या जागी होता. त्याने तो हातात घेतला. खोका हलका लागला. उघडला तर रिकामा.

बाकीच्या टेपा तरी धड आहेत का, म्हणून त्याने घाईने एक टेप मशीनवर चढवली आणि बटण दाबलं. स्पीकर असे गरजले की खिडकीची काच थरथरली. आवाजाचं बटण कोणीतरी पार टोकाला नेऊन ठेवलं होतं.

त्या दिवशी दुपारी मिक्सिंग होतं, म्हणजे चित्रावर आवाज आणि संगीत चढवायचं काम. चित्रपटाचं शेवटचं रीळ बिनबोलाचं होतं. त्यात एकही वाक्य नव्हतं, फक्त मास्तरांचं संगीत होतं. आणि आता तेच नव्हतं.

२

निर्मात्याने पोलिसांना बोलावलं नाही. पोलीस आले की मागोमाग वर्तमानपत्रवाले येतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने इन्स्पेक्टरबाईंना फोन केला.

बाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण हुद्दा त्यांना चिकटला तो चिकटलाच. भाजीवाल्यापासून सुनेपर्यंत सगळे त्यांना इन्स्पेक्टरबाईच म्हणायचे. गाण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की लहानपणी शाळेच्या समूहगीतात त्यांना नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.

"हे आधीच सांगते," त्या निर्मात्याला म्हणाल्या. "मला सुरातलं ओ की ठो कळत नाही."

"सुरातलं कळणारे माझ्याकडे ढीगभर आहेत," निर्माता म्हणाला. "त्यातल्याच एकाने हे केलंय."

दाराच्या आणि कपाटाच्या चाव्या चौघांकडे होत्या. रेकॉर्डिस्टकडे, निर्मात्याकडे, मास्तरांकडे आणि मास्तरांच्या मेव्हण्याकडे. हा मेव्हणा मास्तरांचा अरेंजर होता. मास्तर चाल बांधायचे आणि कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते मेव्हणा कागदावर उतरवून वादकांना वाटायचा. मास्तरांची चावी त्यांच्या पिशवीत असायची आणि पिशवी त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, भरायच्या, म्हणजे तिथवर वहिनींचाही हात पोचत होता.

"माझा संशय मेव्हण्यावर आहे," निर्माता म्हणाला. "इतकी वर्षं दुसऱ्याच्या सावलीत उभा आहे. पडद्यावर मास्तरांचं नाव हे एवढं मोठं आणि याचं भिंग लावून वाचावं लागतं. शिवाय शुक्रवारी रेकॉर्डिंगला नेमका ताप आला म्हणून आला नाही."

बाईंनी रेकॉर्डिस्टला ती शिट्टी वाजवून दाखवायला सांगितली. त्याने डबीत नवे सेल घातले आणि दार बोटभर उघडं ठेवलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. कानात सुई फिरवावी तसा तो आवाज होता. दूर मोठ्या दालनात गेलेला निर्माता कानांवर हात ठेवून परत आला. "बंद करा रे ते," तो म्हणाला.

"चोर आत असताना हे वाजतच असणार," बाई म्हणाल्या.

"असणारच. इमारतीबाहेर जात नाही आवाज, भिंतींना जाड अस्तर आहे. पण आतल्याला सोसणार नाही," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

बाईंनी मशीनवरचं ते टोकाला नेलेलं बटण पाहिलं. मग निर्माता फोन घ्यायला गेल्याचं बघून त्यांनी रेकॉर्डिस्टला विचारलं, "टेप गेली म्हणून तुम्हाला वाईट वाटलेलं दिसत नाही."

रेकॉर्डिस्टने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, पुन्हा घातली. "कोणाला सांगू नका. तो टेक, म्हणजे शुक्रवारचं रेकॉर्डिंग, चांगला नव्हता. शेवटी छोटी बासरी एकटी वाजते ना, ती वरच्या सुरांत बेसूर झाली होती. कोणालाही कळेल अशी."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"मास्तर म्हणाले, छान, हाच ठेवा. मास्तरांनी पास केल्यावर मी कोण बोलणारा? दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, एकदा पुन्हा घेऊ या का? दोनदोनदा विचारलं. तर म्हणाले, का, काय झालं? आता काय सांगणार. मेव्हण्यांच्या कानावर तेवढं घातलं."

"बासरी कोणी वाजवली होती?"

"मास्तरांच्या जुन्या दोस्ताने. सगळे त्याला फुंक्या म्हणतात."

३

फुंक्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहत होता. त्याने बाईंना बसायला एकुलती खुर्ची दिली आणि आपण खाटेवर बसला. बोलताना त्याचा हात सारखा तोंडाशी जात होता.

"टेप चोरीला गेली, कळलं मला," तो म्हणाला. "मी नेली असं तुम्हाला वाटत असेल तर ते बरोबरच आहे. सगळ्यात जास्त गरज मलाच होती. पण माझ्याकडे चावी नाही."

"गरज कसली?"

फुंक्याने थोडा विचार केला. मग त्याने पाठ फिरवली, आणि परत वळला तेव्हा त्याच्या हातात कवळी होती. गाल आत गेले होते. तो एकदम दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला.

"नवी आहे," तो बोबड्या आवाजात म्हणाला आणि कवळी पुन्हा तोंडात बसवली. "बासरीवाल्याचं सगळं ओठांत असतं, आणि ओठ टेकतात दातांवर. खालच्या सुरांना चालून जातं. वर गेलं की ही घसरते, आणि हिच्याबरोबर सूर घसरतो. कोणाला सांगणार? मास्तरने मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्याच्या पहिल्या चित्रपटात मीच वाजवलं होतं ना. ती दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट. लाटांवर एकटी छोटी बासरी. लोक थिएटरातून शीळ घालत बाहेर पडायचे. त्यावर आमची दोघांची घरं उभी राहिली. म्हणजे त्याचं घर, माझी ही खोली."

"शुक्रवारी काय झालं?"

"वाट लावली मी. माझं मलाच कळत होतं. वाजवून झाल्यावर सगळं दालन चिडीचूप. वादक एरवी टेक चांगला झाला की व्हायोलिनचे गज स्टँडवर आपटतात, कोणी हललं नाही. मला वाटलं, आता हा ओरडणार. मास्तरचा कान म्हणजे, चाळीस जणांत एकाची तार सैल असली तर बोट दाखवून सांगायचा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, छान, हाच ठेवा."

त्याचे डोळे भरून आले. ते त्याने सदऱ्याच्या बाहीला पुसले.

"मैत्रीखातर त्याने स्वतःच्या चित्रपटात बेसूर वाजणं चालवून घेतलं. असं कोण करतं बाई? मला त्या रात्री जेवण गेलं नाही. जगभर ते वाजणार, त्याच्या नावावर. म्हणून म्हणतो, चोर सापडला तर त्याला माझ्याकडे आणा. मी चहा पाजीन त्याला."

बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. एवढा कडक माणूस दया कधीपासून दाखवू लागला?

४

मास्तरांच्या घरी वहिनींनी दार उघडलं. बैठकीच्या खोलीत पियानो होता आणि भिंतीवर एका रांगेत फोटो होते. प्रत्येक चित्रपटाचं रेकॉर्डिंग संपलं की मास्तर सगळ्या वादकांना घेऊन फोटो काढायचे, हा त्यांचा शिरस्ताच होता.

"तुम्ही बसा," मास्तर म्हणाले. "मला काय विचारायचं ते विचारा. पण टेपेचं मला काही ठाऊक नाही."

ते उंच, ताठ गृहस्थ होते. बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्याच्या पोटी जन्मलेले, आणि आता त्यांच्या नावावर लोक तिकिटं काढत. वहिनी चहाचं आधण ठेवून बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेल्या. बाई फोटोंसमोर उभ्या राहिल्या. ऐकून काही कळत नाही, तर निदान बघावं.

पहिल्या फोटोत काळसर केसांचा फुंक्या मास्तरांच्या शेजारी, हातात छोटी बासरी. दुसरा बर्फातल्या शाळेच्या चित्रपटाचा, त्यात पुढच्या रांगेत बासऱ्या, आणि शेजारी हातभर लांबीच्या घंटा टांगलेल्या. मग मोठमोठी बक्षिसं मिळालेले चित्रपट. मास्तरांचे केस पांढरे होत गेले तशी पुढची रांग बदलत गेली. घंटा गेल्या. बासऱ्या मागे सरकल्या, मग दिसेनाशा झाल्या. खाणकामगारांच्या चित्रपटात तर नजर जाईल तिथे खालच्या सुरांत वाजणारे चेलो, आणि त्यांच्यामागे माणसाएवढी उंच जाड आवाजाची वाद्यं.

"तुमचं संगीत बदललं का हो?" बाईंनी विचारलं.

"समीक्षक म्हणतात, वयाबरोबर खोली आली," मास्तर म्हणाले. "त्यावर एकाने पुस्तकही लिहिलंय."

"आणि या वेळी एकदम पुन्हा छोटी बासरी?"

"निर्माता हटून बसला. म्हणाला, पहिल्या चित्रपटासारखं एकदा होऊ द्या. मलाही वाटलं, करावं."

स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी सुरू झाली. मास्तर पियानोपाशी, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारालाच लागून बसले होते. ते रखवालदाराच्या चित्रपटाबद्दल सांगत राहिले. समुद्रावर जाऊन कसे बसत, दोन लाटांच्या मधली शांतता कशी मोजत. शिट्टी चढत गेली. बाल्कनीतून ओल्या हातांनी वहिनी लगबगीने आल्या, दोघांच्या मधून स्वयंपाकघरात शिरल्या आणि गॅस बंद केला.

"तुम्ही उठायचं नाही हं," त्या बाईंना म्हणाल्या, जरा घाईनेच. "यांचं बोलणं सुरू झालं की यांना कशाचं भान राहत नाही."

बाई निघाल्या तेव्हा वहिनी फाटकापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या भावाने काही केलं असेल तर ते यांच्या भल्यासाठीच असेल. एवढं लक्षात ठेवा."

"त्याने केलं असं तुम्हाला वाटतं?"

वहिनींनी फाटकाची कडी लावली.

५

दुसऱ्या दिवशी बाई टेपच्या खोलीतच बसून राहिल्या. दार त्यांनी मुद्दाम बोटभर उघडं ठेवलं होतं आणि कानांत कापसाचे बोळे घातले होते. मेव्हणा आला तो आत पाय टाकतानाच टाचेने दार ढकलून, नीट लावून. असं तो रोज शंभरदा करत असावा. त्याचं त्यालाही कळलं नाही.

तो बारीक चणीचा, चष्मा लावणारा माणूस होता. अजून अशक्त दिसत होता.

"तुमचा वेळ वाया जातोय," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "टेप मी नेली. मीच जाळली. निर्मात्यांनाही आत्ताच सांगून आलो."

बाईंनी कानातला कापूस काढला. "ते काय म्हणाले?"

"म्हणाले, चालता हो. पडद्यावरून माझं नाव काढणार आहेत. ठीक आहे. तसंही कोण वाचत होतं."

"कशी नेलीत ते सांगा."

"कशी म्हणजे? चावी लावली, टेप काढली आणि निघालो."

"टेप ऐकलीत का आधी?"

तो चाचरला. "नाही. म्हणजे, थोडीशी. हळू आवाजात."

"बसा," बाई म्हणाल्या. "माझ्या नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले. लोक खोटं बोलतात ते सुटण्यासाठी. तुम्ही अडकण्यासाठी बोलताय. कोणाला वाचवताय? ताईला?"

मेव्हण्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"तो टेक बिघडल्याचं मला रेकॉर्डिस्टने फोनवर सांगितलं," तो शेवटी म्हणाला. "ताई शेजारीच बसली होती, माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत. तिने सगळं ऐकलं. आणि चावी तिच्या हाताशी असते. तिने केलं असेल तर काय चुकलं? टेप नाही म्हटल्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होणार, या वेळी मी तिथे असणार, आणि सगळं नीट होणार."

"तुम्ही तिथे असलात की नीट कसं होतं?"

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला वाटतं, मास्तर टेक संपल्यावर तुमच्याकडे बघतात," बाई म्हणाल्या.

"कोण म्हणालं?"

"कोणीच नाही. पण शुक्रवारी तुम्ही नव्हतात आणि शुक्रवारीच त्यांनी बेसूर टेक पास केला. जा तुम्ही. जाताना मास्तरांना इकडे पाठवा. आणि दार थोडं उघडं राहू द्या."

मेव्हण्याने दाराच्या चौकटीवर पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, असं करू नका," तो म्हणाला.

६

मास्तर आले आणि मशीनसमोरच्या खुर्चीवर बसले. दार उघडं होतं. नव्या सेलांवर डबी जीव तोडून शिट्टी घालत होती. बाईंनी या वेळी कापूस घातला नव्हता. तो आवाज त्यांच्या कपाळातून आरपार जात होता, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"ते दीपगृहाचं काल अर्धवट राहिलं," त्या म्हणाल्या. "पुढे काय झालं?"

मास्तरांना त्या आठवणी प्रिय होत्या. ते खुर्चीत रेलून सांगू लागले. निर्मात्याकडे मोठ्या वाद्यवृंदापुरते पैसे नव्हते, म्हणून एकच बासरी घेतली. आणि गंमत म्हणजे लोकांना वाटलं, काय धाडस आहे. सांगता सांगता त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"बरं वाटतं इथे," ते म्हणाले. "फोन नाही, निर्माता नाही. किती शांत खोली आहे ही."

बाई उठल्या आणि त्यांनी दार लावलं. मास्तरांची नजर त्यांच्या हातामागून वर चौकटीवर गेली. शिट्टी वाजताना पेटणारा डबीवरचा लाल दिवा आता विझला होता.

त्यांनी डबीकडे बोट केलं.

"वाजत होती?"

"तुम्ही आलात तेव्हापासून."

मास्तरांनी मान हलवली. बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि साध्या आवाजात सांगू लागल्या.

"चावी चौघांकडे, आणि वहिनी धरल्या तर पाच जण. टेप नाहीशी करायला आलेला माणूस ती पिशवीत घालून निघून जातो. हा मात्र इथे बसला आणि टेप ऐकत राहिला, आवाज अगदी टोकाला नेऊन. त्या वेळी दार उघडं होतं आणि शिट्टी वाजत होती. टेप संपल्यावरही वाजत होती. हा माणूस तिच्याखालून बाहेर पडला आणि दार तसंच टाकून गेला. रेकॉर्डिस्ट, निर्माते, तुमचा मेव्हणा, यांपैकी कोणालाही तो आवाज क्षणभर सोसत नाही. वहिनींना बाल्कनीतून किटली ऐकू येते. तुम्हाला शेजारून येत नाही. आणि ते फोटो. आधी घंटा गेल्या, मग बासऱ्या."

"लोक म्हणाले, खोली आली," मास्तर म्हणाले. "मी खाली उतरलो, कारण वरचा मजला बंद होत चालला होता. आधी घंटा गेल्या हे बरोबर. मग पाखरांची किलबिल. डोक्यात मला सगळं ऐकू येतं हो, अजूनही. कागदावर लिहिताना मी चुकत नाही. फक्त समोर काय वाजलं ते कळत नाही. मेव्हण्याचा चेहरा बघून मी टेक पास करतो. त्याला ते ठाऊक नाही."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी तो नव्हता. मी फुंक्याचा चेहरा बघितला. त्याचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं सूर लागलाय. छान म्हटलं. पण एकाही गजाचा आवाज आला नाही, तेव्हा कळलं, काहीतरी चुकलंय. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टचा फोन. मग मी सुट्टीच्या दिवशी इथे आलो. आवाज वाढवत वाढवत नेला. सुरुवात ऐकू आली. सूर वर चढला, आणि तिथून पुढे नुसती हवा. टेप घरी नेली. कोणाला तरी ऐकवून विचारावं म्हटलं, यात काय चुकलंय. पण विचारणार कोणाला? ज्याला कान आहे तो याच धंद्यातला."

"मेव्हण्याने आज चोरी कबूल केलीय," बाई म्हणाल्या. "निर्मात्यांनी त्याला हाकललं."

मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले, आणि मग खरोखरच उठले.

"चला माझ्या घरी," ते म्हणाले. "वाटेत त्यालाही घेऊ."

७

टेप पियानोपुढच्या बाकाच्या खणात होती. मास्तरांनी ती घरच्या जुन्या मशीनवर चढवली आणि बायकोला व मेव्हण्याला समोर बसवलं.

"ऐका," ते म्हणाले. "आणि मला सांगा. मला वरचं काही ऐकू येत नाही."

वहिनींनी भावाकडे पाहिलं, भावाने वहिनींकडे.

"तुला ठाऊक होतं?" वहिनींनी विचारलं.

"घंटा बंद झाल्या तेव्हापासून," मेव्हणा म्हणाला. "म्हणून तर मी समोर उभा राहायचो. तुला, ताई?"

"बायको आहे मी. फोनची घंटा मी उगाच जाड आवाजाची करून घेतली का? मला वाटलं, तुला कळलं तर तुझा यांच्यावरचा विश्वास उडेल."

"आणि भाऊजींना कळू नये म्हणून मी तुझ्यासमोर बोललो नाही."

मास्तर दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "म्हणजे या घरात फक्त मलाच वाटत होतं की हे गुपित आहे," ते म्हणाले. मग मेव्हण्याला म्हणाले, "तू माझ्यासाठी चोर झालास."

"तुमच्यासाठी नाही, ताईसाठी," मेव्हणा म्हणाला. "तुमच्यावर माझा संशयच नव्हता." वहिनींना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले.

मग टेप लावली. बाईंनीही ऐकली. त्यांना सुरातलं कळत नव्हतं, पण शेवटाकडे त्यांचे दात शिवशिवले, आणि त्यांनी तसं सांगितलं. मेव्हण्याने नेमकी कुठे घसरण झाली ते सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं, कोट चढवला आणि ते बाईंना घेऊन फुंक्याकडे गेले.

"मी तुझ्यावर दया केली नव्हती," मास्तर दारातच म्हणाले. "मला ऐकूच आलं नाही."

फुंक्या खाटेवर बसला. हे पचायला त्याला वेळ लागला. "म्हणजे मी इतके दिवस तुला देवमाणूस समजत होतो," तो म्हणाला, "आणि तू नुसता बहिरा."

"तू का नाही सांगितलंस, कवळीचं?"

"तू बोलावणं बंद केलं असतंस."

"केलं असतं," मास्तर म्हणाले. "आता वाजवू नकोस. पण तिथे ये. मला तुझे कान पाहिजेत."

निर्मात्याला त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मग त्याने एवढंच विचारलं, "शेवटचं रीळ होईल ना?" मास्तर म्हणाले, होईल, आणि पडद्यावर माझ्या नावाखाली मेव्हण्याचं नाव येईल, माझ्याएवढ्याच अक्षरांत. निर्मात्याने घासाघीस केली नाही. बाईंनी त्याला सांगितलं की चोरी झालेलीच नाही, माणसाने आपलीच वस्तू घरी नेली होती. आणि वर्तमानपत्रांत यातलं काही आलं तर ते माझ्याकडून आलेलं नसेल, असंही त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात सगळे वादक पुन्हा जमले. सुरुवात करण्याआधी मास्तरांनी उभं राहून त्यांना आपल्या कानांबद्दल सांगितलं, चार वाक्यांत, कामाची वेळ सांगावी तसं. एका चेलोवाल्याने गज उगाचच पुसला. चाल खाली आणून चेलोवर घ्यावी असं मेव्हण्याने सुचवलं होतं, पण मास्तर ऐकेनात. चित्राला वरचाच सूर हवा, तो मला ऐकू येवो न येवो, असं त्यांचं म्हणणं होतं. मागच्या रांगेतली एक बासरीवाली पुढे आली. फुंक्या तिच्यासमोर, मास्तरांच्या डाव्या हाताला खुर्ची घेऊन बसला. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या.

पडद्यावर शेवटचं रीळ सुरू झालं. व्हायोलिनं आली आणि ओसरली, चेलो थांबले, आणि एकटी छोटी बासरी वर चढत गेली. मास्तरांचा हात तिच्याबरोबर वर जात होता. त्यांचा चेहरा स्थिर होता. शेवटचा सूर संपला तेव्हा बासरीवालीने बासरी खाली घेतली, म्हणून त्यांनीही हात खाली घेतला. एका कोपऱ्यात गज स्टँडवर आपटले, मग चहूकडून आपटू लागले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट हसत होता.

मास्तर फुंक्याकडे वळले.

फुंक्याने नकारार्थी मान हलवली. "शेवटाच्या आधीचा सूर केसभर चढला," तो म्हणाला. "पुन्हा घे."

गज थांबले. या दालनात मास्तरांना असं कोणी म्हणाल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. बासरीवालीच्या मानेवर लाली चढली. मेव्हण्याने कागदांत डोकं घातलं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी हात उचलला.